मुलांचे कार्यक्रम आणि आईबापांची पारख

आपल्या मुलांनीं टेलिव्हिजनवर काय पाहावें व काय पाहूं नये, हा प्रश्न आतां मुंबई-पुण्याच्या शिकलेल्या कुटुंबांपुरता राहिलेला नाहीं. जळगांव व धुळें ह्या जिल्ह्यांतील लहान खेड्यांतही घरावर डिशची छत्री दिसते, आणि जेथें छत्री नाहीं तेथें मोबाईल असतो. शाळा सुटली, गुरें बांधून झालीं, कीं मूल त्या चित्रांपुढें जाऊन बसतें. मग मंडळींतील आईबाप उपदेशकांस विचारतात, "अमुक कार्टून ख्रिस्ती मुलांनीं पाहिलेलें चालतें काय?" त्यांस 'होय' किंवा 'नाहीं' असें एका शब्दाचें उत्तर हवें असतें. असें उत्तर दिल्यानें विचारणाऱ्याचें समाधान होईल, पण मुलाचें कल्याण होईलच असें म्हणतां येत नाहीं. म्हणून वाचकहो, ह्या प्रश्नाचा थोडा खोल विचार करूं.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या काळीं वाहिनी एकच होती व ती दिवसांतून थोडे तासच चाले. 'किलबिल' सारखा मुलांचा कार्यक्रम ठरल्या वेळीं लागे आणि ठरल्या वेळीं संपे. चांगल्या-वाइटाची निवड बरीचशी दुसऱ्या कोणी आधींच केलेली असे. पुढें १९९५ सालीं कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतांत आली, तिच्यामागून इतर आल्या, आणि मुलांसाठीं दिवसभर चित्रें चालूं लागलीं. मोबाईलवर तर एक चित्र संपतांच दुसरें आपोआप पुढें येतें. कायदा आहे, हें खरें. १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नियमांत मुलांच्या कार्यक्रमांत अभद्र भाषा व उघड हिंसा नसावी असें सांगितलें आहे. परंतु कायदा फार तर विंचूसाप दाराबाहेर ठेवील. ताटांत काय वाढावें हें तो सांगत नाहीं. तें काम पूर्वीं थोडेंबहुत दुसरे करीत असत, तें आतां सर्वस्वीं आईबापांवर आलें आहे.

हें ओझें हलकें करण्याचे तीन सोपे मार्ग लोक काढतात. पहिला मार्ग म्हणजे संचच घरांत ठेवावयाचा नाहीं. ज्यांनीं असा निश्चय केला आहे त्यांस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. त्यांच्या घरांत सायंकाळीं बोलणें जास्त होत असेल. परंतु तेवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. मूल शेजारीं जातें, सुट्टींत मामाच्या घरीं जातें, पुढें आश्रमशाळेंत किंवा धुळ्याच्या वसतिगृहांत राहतें. तेथें आईबापांचा हात पोहोंचत नाहीं. दानिएलाचें उदाहरण आपणांस ठाऊक आहे. तो बाबेलांत नेला गेला, खास्द्यांची विद्या व भाषा शिकला, त्यांनीं दिलेलें परकें नांवही त्यानें घेतलें. पण राजाच्या ताटाशीं आल्यावर त्यानें आपल्या मनाशीं रेघ ओढली. ती रेघ ओढून द्यावयास त्याची आई तेथें नव्हती. घरीं असतांना जी पारख अंगीं बाणली होती तीच त्याच्या कामीं आली. आपल्या मुलांसही पुढें आपली रेघ आपणच ओढावी लागणार आहे.

दुसरा मार्ग ह्याच्या उलट. "मुलांचेंच तर आहे, पाहूं द्या," असें म्हणून मोकळें सोडणें. परंतु 'मुलांसाठीं' हे शब्द वर लिहिले म्हणून आंतील वस्तु मुलांच्या हिताची ठरत नाहीं. २०१७ सालीं यूट्यूबवर मुलांच्या ओळखीचीं पात्रें घेऊन भयंकर व घाणेरडे प्रसंग दाखविणाऱ्या पुष्कळ चित्रफिती उघडकीस आल्या, आणि त्या कंपनीस त्या काढून टाकाव्या लागल्या. वरून पाहणाऱ्या आईस त्या नेहमींच्याच कार्टूनसारख्या दिसत होत्या.

तिसरा मार्ग धार्मिक लोकांस विशेष आवडतो, म्हणून त्याविषयीं सविस्तर लिहावें लागतें. तो असा कीं, ज्यावर ख्रिस्ती नांव आहे तें चांगलें, व ज्यावर नाहीं तें टाकाऊ. फळावरून झाड ओळखावें असें प्रभूनें शिकविलें. पाटीवरून ओळखावें असें कोठेंही शिकविलें नाहीं. ह्याचीं अमेरिकेंतील दोन उदाहरणें पाहण्यासारखीं आहेत.

तेथें १९९३ सालीं फिल व्हिशर व त्यांचे सोबती यांनीं 'व्हेजीटेल्स' ह्या नांवाची मुलांची मालिका सुरू केली. तींत टोमॅटो, काकडी अशा भाज्या पात्रें होऊन पवित्र शास्त्रांतील गोष्टी सांगत. ती फार लोकप्रिय झाली. परंतु पुढें २०११ सालीं व्हिशर यांनीं स्वतःच एका मुलाखतींत सांगितलें कीं, आपण इतकीं वर्षें मुलांस ख्रिस्ती लोकांसारखें वागावयास पटवीत होतों, पण ख्रिस्ताची ओळख करून देत नव्हतों. तें सदाचाराचें शिक्षण होतें, शुभवर्तमान नव्हतें. मालिका वाईट होती असा ह्याचा अर्थ नव्हे. शास्त्रांतील नांवें आलीं म्हणून शास्त्राचा प्राण आला असें होत नाहीं, एवढाच बोध घ्यावयाचा.

दुसरें उदाहरण फ्रेड रॉजर्स ह्यांचें. १९६३ सालीं प्रेस्बिटेरियन मंडळीनें त्यांस पाळकाची दीक्षा दिली, ती उपासनामंदिर सांभाळण्यासाठीं नव्हे, तर टेलिव्हिजनच्या द्वारें मुलांची व कुटुंबांची सेवा करण्यासाठीं. त्यांचा कार्यक्रम १९६८ पासून २००१ पर्यंत देशभर दाखविला गेला. त्यांत ते उपदेश करीत नसत. मुलांशीं हळू बोलत, त्यांच्या भीतीविषयीं बोलत, मरणाविषयींही बोलत. १९६९ सालच्या एका भागांत उन्हाळ्याच्या दिवशीं ते लहानशा टबांत पाय सोडून बसले आहेत. पोलिसाचें काम करणारे काळ्या वर्णाचे नट फ्रान्स्वा क्लेमन्स येतात. रॉजर्स त्यांस त्याच पाण्यांत पाय बुडविण्यास बोलावतात आणि आपलाच टॉवेल त्यांस देतात. ज्या देशांत काळ्या लोकांस गोऱ्यांच्या पोहण्याच्या तलावांत उतरूं देत नसत, त्या देशांत हें दाखविलें गेलें. महाडच्या चवदार तळ्याच्या १९२७ च्या सत्याग्रहाची हकीकत ज्यांच्या घरांत सांगितली जाते, त्यांस एका पाण्याचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाहीं. शास्त्राचें एकही वचन न उच्चारतां शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूचें स्मरण व्हावें असें तें चित्र होतें. पाटी पाहून निवडणारा ह्या कार्यक्रमास कदाचित् हातही लावता ना.

आतां आपल्या घरांत जें पाहिलें जातें त्याकडे वळूं. 'छोटा भीम' ही मालिका हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीनें केलेली असून २००८ पासून मुलें ती पाहत आली आहेत. नांव ऐकूनच कित्येक आईबाप बिचकतात. परंतु तींत महाभारताची कथा नाहीं. भीमाचें नांव व बळ तेवढें घेतलें आहे आणि बाकी सर्व ढोलकपूर नांवाच्या कल्पित गांवांत घडतें. तो मुलगा मित्रांस सोडीत नाहीं, दुर्बळाच्या मदतीस धांवतो, ह्या गोष्टी चांगल्या आहेत. भिण्याचें कारण नांवांत नसून दुसरीकडे आहे. पुष्कळ गोष्टींचा निकाल लाडू खाऊन मारलेल्या ठोशानें लागतो. आणि दांडगाई करणाऱ्या लठ्ठ मुलाचें नांव 'कालिया' असें ठेवलें आहे. आपल्या मंडळींत भिल्ल, पावरा, मावची अशा घरांतील मुलें आहेत. शाळेंत ज्यांस रंगावरून चिडवितात, त्यांनीं काळेपणाचें नांव दांडगटालाच दिलेलें रोज ऐकावें काय, ह्याचा विचार किती आईबापांनीं केला असेल? आपण देवांच्या नांवास भ्यालों, आणि जें आपल्याच लेकरास टोचतें तें आपल्या ध्यानांतही आलें नाहीं.

'डोरेमॉन' चेंही तसेंच. जपानांत १९६९ सालीं चित्रकथेच्या रूपानें ही गोष्ट सुरू झाली. नोबिता नांवाचा आळशी मुलगा संकटांत पडला कीं भविष्यकाळांतून आलेलें यंत्रमांजर त्यास कांहींतरी जादूचें साधन काढून देतें. ह्यानें मुलें कामचुकार होतात अशी तक्रार ऐकूं येते. परंतु शेवटपर्यंत पाहिलें तर बहुतेक गोष्टींत त्या साधनाचा दुरुपयोग नोबिताच्याच अंगावर उलटतो. अर्धी गोष्ट पाहून उठणारें मूल युक्ति तेवढी घेऊन जातें, आणि शेवटपर्यंत पाहून आईशीं बोलणारें मूल तिचा परिणामही घेऊन जातें. गोष्ट एकच, पण दोन घरांत तिचीं फळें दोन.

ह्याहून अवघड गोष्ट म्हणजे शेजाऱ्यांच्या देवतांच्या कथा. १९८७-८८ सालीं 'रामायण' मालिका लागत असे तेव्हां कित्येक ठिकाणीं लोक संचास हार घालीत. त्यानंतर 'हनुमान' (२००५), 'बाल गणेश' (२००७) असे मुलांसाठीं चित्रपटही निघाले. आपल्या मंडळींतील पुष्कळांचे आजोबा, मामा, आत्या त्याच श्रद्धेंत आहेत. मूल त्यांच्या घरीं गेलें आणि तेथें हा चित्रपट लागला तर त्यास उठवून आणावें काय? पौलानें करिंथकरांस मूर्तीपुढील नैवेद्याविषयीं लिहितांना जो भेद केला, तो येथें उपयोगीं पडतो. बाजारांत विकलेलें मांस चौकशी न करितां खाण्यास त्यानें मोकळीक दिली. मूर्तीच्या मेजाचें भागीदार होण्यास दिली नाहीं. आणि ज्याचें विवेकबुद्धीचें बळ कमी त्यास ठेंच लागेल असें वागूं नये, असें दोहोंच्या वर ठेविलें. त्याप्रमाणें समजत्या मुलास आईबापांनीं सांगावें: ही आपल्या मामाची पूज्य कथा आहे; आपण तिची पूजा करीत नाहीं, आणि तिची थट्टाही करीत नाहीं. परंतु ज्या घरानें कालपरवां मोठ्या कष्टानें जुनें सोडलें आहे, व ज्या आईच्या मनास त्या चित्रांनीं वेदना होतात, तिनें तें लावूं नये. आणि बळकट म्हणविणाऱ्यांनीं तिला हसूं नये. लेकरानें एक चित्र पाहिलें ह्यापेक्षां तें आपल्या आजीच्या देवघराकडे पाहून नाक मुरडूं लागलें, तर ती हानि मोठी. प्रीति गमावून राखलेली शुद्धता प्रभूस कशी आवडेल?

गोष्टीच्या आशयाप्रमाणें तिची चाल व तिचा वेळ ह्यांचीही पारख पाहिजे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत अल्बर्ट बॅन्ड्युरा ह्यांनीं १९६१ सालीं एक प्रयोग केला. मोठ्या माणसानें रबरी बाहुल्यास मारलेलें ज्या मुलांनीं पाहिलें, तीं पुढें तसेंच मारूं लागलीं. पुढें १९६३ सालीं चित्रपटांत पाहूनही तसेंच होतें असें दिसून आलें. आपल्याकडे १९९७ सालीं 'शक्तिमान' मालिका सुरू झाल्यावर त्याचें अनुकरण करतांना मुलांस इजा झाल्याच्या बातम्या आल्या, आणि त्या पात्राचें काम करणारे मुकेश खन्ना ह्यांस पडद्यावरून मुलांस समजावून सांगावें लागलें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत चार वर्षांच्या साठ मुलांपैकीं ज्यांनीं फार वेगानें बदलणारें कार्टून अवघीं नऊ मिनिटें पाहिलें, त्यांचें लक्ष व धीर चित्रें रंगवीत बसलेल्या मुलांपेक्षां लगेच कमी भरला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें कीं, एक वर्षाच्या आंतील बाळास पडदा मुळींच दाखवूं नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसांतून एक तासाहून अधिक नको. मधल्या जाहिरातींचें तर निराळेंच. आठ वर्षांखालील मुलांस जाहिरात आपणांस फुसलावण्यासाठीं आहे हें नीट कळत नाहीं, असें अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या मंडळानें २००४ सालीं दाखवून दिलें आहे. पांच रुपयांच्या पुड्यासाठीं रडणारें मूल हट्टी असतेंच असें नाहीं. कित्येकदां तें फसविलेलें असतें.

भाषेचीही गोष्ट आहे. हीं कार्टूनें बहुधा हिंदींत असतात. बांगलादेशांत मुलें घरींदारीं हिंदी बोलूं लागलीं म्हणून २०१३ सालीं हिंदी 'डोरेमॉन' चें प्रसारण बंद करण्यांत आलें. आपल्या खानदेशांत अहिराणी, लेवा गणबोली, भिली ह्या बोली आजीच्या तोंडून नातवाच्या कानीं जातात. त्यांचें दुसरें विद्यालय नाहीं. अमळनेरास शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली, तेव्हां तिचीं प्रकरणें रात्री म्हणून मोजलीं, कारण तीं एकत्र बसून सांगितलेल्या गोष्टी म्हणून रचलीं आहेत. सांगणारा ऐकणाऱ्याचें तोंड पाहत असतो; मूल भ्यालें तर थांबतो, रडलें तर जवळ घेतो. पडदा कोणाचें तोंड पाहत नाहीं. म्हणून जेथें पडदा आहे तेथें तोंड पाहणारें माणूस शेजारीं पाहिजे.

येथें एक खरी अडचण पुढें येते. आईबाप म्हणतात, "आम्ही दिवसभर कापूस वेंचतों, केळीच्या बागेंत राबतों, घरीं आल्यावर चूल पेटवावयाची, कीं मुलापाशीं कार्टून पाहत बसावयाचें? तो संच मूल सांभाळतो म्हणून तर स्वयंपाक होतो." हें म्हणणें खोटें नाहीं, आणि जे उपदेशक तें हसण्यावारीं नेतात त्यांनीं एक दिवस तें काम करून पाहावें. परंतु पारख करण्यास रोज बसावें लागत नाहीं. नवा कार्यक्रम लागला कीं त्याचा एक भाग रविवारीं आरंभापासून शेवटापर्यंत बापानें मुलासह पाहावा. मग आईनें भाकरी थापतां थापतां मुलास ती गोष्ट सांगावयास लावावें आणि चार प्रश्न विचारावे. त्यांत हसूं कोणावर आलें? अडचण सुटली ती कशानें, मारानें, लबाडीनें, जादूनें, कीं कष्टानें व क्षमेनें? आईबाप, म्हातारीं माणसें व गरीब ह्यांस त्यांत कसें वागविलें? आणि तूं त्या जागीं असतास तर काय केलें असतेंस? पांचवा प्रश्न आईनें स्वतःच्या मनास विचारावा: संच बंद केल्यावर माझें मूल कसें असतें, गोड असतें कीं चिडकें? ह्या पांच उत्तरांत पारखीचें बहुतेक सर्व कार्य होऊन जातें.

"आम्ही अडाणी, आम्हांला काय कळणार?" असेंही कोणी म्हणतील. जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं त्यांचे पुत्र सोपानदेव ह्यांस उतरून घ्यावीं लागलीं. पण माणसाच्या मनाची त्यांच्याइतकी पारख किती शिकलेल्यांस होती? सुपांत दाणे घेऊन खडे कोठें आहेत हें जिला कळतें, तिला ही पाखडणीही शिकतां येईल.

आतां एक कटु गोष्ट. मूल निजण्यापूर्वीं त्याच संचावर मोठ्यांच्या मालिका लागतात. सासूसुनांचीं कारस्थानें, सूड, खोट्या शपथा. आणि बातम्यांत एकमेकांवर ओरडणारे लोक. मूल कोपऱ्यांत जागें असतें. मुलाच्या कार्टूनांत ठोसा आला म्हणून बाप रागावतो, आणि त्याच रात्रीं स्वतः तासभर द्वेष पाहून हसतो. मग मुलानें कोणता धडा घ्यावा? जो नियम मुलास लावावयाचा तो आधीं मोठ्यांनीं आपणांस लावला, तरच त्यांत वजन येतें. सायंकाळच्या उपासनेच्या वेळीं संच बंद व्हावा हा नियम मुलासाठीं असेल तर बापाच्या क्रिकेटच्या सामन्यासाठींही असला पाहिजे.

उपदेशक बंधूंस शेवटीं एक विनंति आहे. मंडळीपुढें उभें राहून अमुक कार्टून पाप व तमुक पुण्य अशी यादी वाचूं नये. शिवूं नको, चाखूं नको अशा नियमांचें दिसावयास मोठें पण बळानें थोडें असें स्वरूप पौलानें कलस्सैकरांस दाखवून दिलें आहे. शिवाय यादी वर्षभरांत जुनी होते आणि मुलें नव्या नांवाकडे वळतात. त्याऐवजीं आईबापांच्या बैठकींत एखादा भाग सर्वांनीं मिळून पाहावा, वरील प्रश्न विचारावे आणि ज्याचें त्यास बोलूं द्यावें. दोन घरांचें मत निराळें पडलें तर पडूं द्यावें. रोमकरांस लिहिल्याप्रमाणें प्रत्येकानें आपल्या मनाची खात्री करून घ्यावी व दुसऱ्याचा न्याय करूं नये.

सर्व गोष्टींची पारख करून चांगलें तें धरावें, ही आज्ञा थेस्सलनीकांतील सबंध मंडळीस लिहिली होती, एकट्या अध्यक्षांस नव्हे. ती आपल्या मुलांसही लागू आहे. आज आई विचारते आणि मूल उत्तर देतें. उद्यां वसतिगृहाच्या खोलींत, हातांत मोबाईल असतां, तोच प्रश्न मूल स्वतःस विचारील. त्या दिवसासाठीं आजच्या संध्याकाळचा हा थोडा वेळ द्यावयाचा आहे. तो देण्यास धन लागत नाहीं, विद्या लागत नाहीं. लेकरापाशीं बसण्याची इच्छा मात्र लागते, आणि ती प्रभु प्रत्येक घरास देवो.